एसीचा पंखा एकाच वेगावर अडकला असेल तर रेझिस्टर बदलण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी आठ वर्षांची असून तिच्या एसीच्या पंख्याचा नॉब चार टप्प्यांचा आहे. गेल्या काही आठवड्यांपासून १, २ आणि ३ या टप्प्यांवर हवा अजिबात येत नाही, आणि नॉब ४ वर नेला की पंखा एकदम पूर्ण वेगाने सुरू होतो. फ्यूज शाबूत आहे, हवाही थंड येते. ‘मोटर गेली, बदलावी लागेल’ असे एका मेकॅनिकने सांगितले आहे. मोटर खरोखरच गेली आहे का, आणि हे काम स्वतःला करता येईल का, असे विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट देता येते. जी मोटर चौथ्या टप्प्यावर पूर्ण जोमाने फिरते, ती गेलेली नसते. तुम्ही सांगितलेली लक्षणे ब्लोअरच्या, म्हणजे डॅशबोर्डमागून हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, रेझिस्टरकडे बोट दाखवतात, आणि मोटरच्या मानाने हा भाग लहान, कमी खर्चाचा आणि बदलायला सोपा असतो. मात्र लगेच नवा रेझिस्टर आणून बसवू नका. गाड्यांच्या वायरिंगचे काम करताना आजवर मी जे जळालेले रेझिस्टर काढले, त्यांतले बरेचसे स्वतःच्या दोषाने जळालेले नव्हते. त्यांच्यावर दुसरीकडून ताण येत होता. तो ताण शोधला नाही, तर नवा रेझिस्टरही काही महिन्यांत त्याच वाटेने जातो. म्हणून या उत्तरात बदलण्याची कृती थोडी आणि तपासणी जास्त आहे.

आधी रचना समजून घ्या, कारण ती समजली की निम्मे निदान नॉब फिरवूनच होते. ब्लोअरची मोटर १२ व्होल्टची, डीसी प्रवाहावर चालणारी असते. तिला पूर्ण व्होल्टेज मिळाले की ती पूर्ण वेगाने फिरते, आणि वेग कमी करायचा असेल तर तिच्या वाट्याला येणारे व्होल्टेज कमी करावे लागते. साध्या, हाताने फिरवायच्या नॉबच्या गाड्यांत हे काम रेझिस्टर करतो. चार टप्प्यांच्या नॉबसाठी त्यात जाड तारेची बहुधा तीन वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात. नॉब १ वर असताना वीज सर्व वेटोळ्यांतून जाते, २ वर असताना दोन वेटोळ्यांतून आणि ३ वर असताना एकातून. ४ वर मात्र रेझिस्टरचा संबंधच राहत नाही. वीज त्याला वळसा घालून, पुष्कळ गाड्यांत एका वेगळ्या रिलेमार्फत (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमार्फत), थेट मोटरला मिळते. रेझिस्टर पूर्ण निकामी झाला तरी चौथा टप्पा का चालतो, याचे कारण हेच आहे.

रेझिस्टर जे व्होल्टेज अडवतो, त्याची उष्णता होते आणि ही उष्णता किरकोळ नसते. उदाहरणादाखल सर्व वेटोळ्यांचा मिळून रोध २ ओहम धरला आणि पहिल्या टप्प्यावर ३.५ अँपिअर प्रवाह वाहतो असे मानले, तर रेझिस्टरवर ७ व्होल्ट खर्च होतात आणि सुमारे २५ वॅट उष्णता निर्माण होते. डाग देण्यासाठी आपण जे लहान सोल्डरिंगचे यंत्र वापरतो, तेही बहुधा २५ वॅटचेच असते. म्हणजे पंखा मंद चालू असताना डॅशबोर्डच्या आत एक तापलेले सोल्डरिंगचे यंत्रच सुरू असते, असे म्हटले तरी चालेल. हे लक्षात घेऊनच रेझिस्टर ब्लोअरच्या हवेच्या मार्गात, वेटोळी थेट वाऱ्यात येतील अशा रीतीने बसवलेला असतो. पंख्याचाच वारा त्याला थंड ठेवतो. शिवाय त्यावर एक थर्मल फ्यूज असतो. ठरलेल्या तापमानाच्या वर गेल्यास तो तुटतो आणि सर्व मंद टप्पे एकदम बंद होतात. हा फ्यूज एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही.

आता नॉबवरून वाचन कसे करायचे ते पाहू. १, २, ३ तिन्ही बंद आणि ४ चालू असेल, तर थर्मल फ्यूज तुटलेला असतो, किंवा तिन्ही टप्प्यांना सामाईक असलेले वेटोळे तुटलेले असते, किंवा कपलरमधली, म्हणजे रेझिस्टरला वायरी जोडणाऱ्या प्लगमधली, सामाईक पिन जळालेली असते. फक्त १ बंद असेल, तर साखळीतले शेवटचे वेटोळे तुटले असे समजावे. १ आणि २ बंद असून ३ चालू असेल, तर मधले वेटोळे तुटले आहे. पण १ आणि ३ चालू असून फक्त २ बंद असेल, तर दोष वेटोळ्यांत असूच शकत नाही, कारण पहिल्या टप्प्याची वीज त्याच वेटोळ्यांतून जाते. तिथे स्विचचा संपर्कबिंदू किंवा त्या टप्प्याची वायर पाहावी. अशा वेळी रेझिस्टर बदलून काही मिळत नाही, तरीही तो बदललेला मी अनेकदा पाहिला आहे. याच्या उलट १, २, ३ चालू आणि ४ बंद असेल, तर रेझिस्टर ठीक आहे. पूर्ण वेगाचा रिले, त्याचा फ्यूज किंवा स्विचचा शेवटचा बिंदू तपासावा.

पंखा सर्वच टप्प्यांवर एकाच मध्यम किंवा मंद वेगाने चालत असेल, तर सर्वांत आधी नॉब ओढून बाहेर काढा. प्लास्टिकच्या नॉबला आतून चीर गेलेली असते आणि तो स्विचच्या दांड्यावर नुसता घसरत राहतो. बाहेरून आकडा बदलतो, आत दांडा जागचा हलत नाही. नॉब काढून दांडा पकडीने अलगद फिरवल्यावर वेग बदलू लागला, तर दुरुस्ती तिथेच संपते. या एका मिनिटाच्या तपासणीसाठी लोकांनी डॅशबोर्ड खोललेला आहे, म्हणून ती आधी करा.

आणखी एक घोटाळा इथेच दूर करतो. पंख्याचा आवाज टप्प्यागणिक बदलतो पण हवा मात्र तेवढीच राहते, ही तक्रार वेगाची नसते. मोटर वेग बदलते आहे, हवेची वाट बंद आहे. केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो, किंवा कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो. एसी बंद करून नुसता पंखा दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर हवा मोकळी झाली, तर तो बर्फ होता असे समजावे आणि पंखा सोडून एसीच्या बाजूची तपासणी करून घ्यावी.

तुमच्या गाडीत तिन्ही मंद टप्पे बंद आहेत, म्हणून आपण रेझिस्टरपर्यंत जाऊ. बहुसंख्य गाड्यांत तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली, ब्लोअरच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यावर असतो. दोन स्क्रू आणि चार ते सहा पिनांचा एक कपलर एवढीच त्याची जोडणी असते. या भागातून एअरबॅगच्या वायरीही जातात, म्हणून किल्ली बंद करून बॅटरीचा निगेटिव्ह काढावा, गाडीच्या माहितीपुस्तकात जेवढा वेळ थांबायला सांगितले असेल तेवढे थांबावे, आणि पिवळ्या रंगाच्या कपलरांना हात लावू नये. पंखा नुकताच मंद वेगावर चालला असेल, तर रेझिस्टर हाताने धरण्याआधी तो गार होऊ द्यावा. त्याच्या तारा त्वचा भाजण्याइतक्या तापतात.

कपलर सोडवल्यावर पहिली नजर रेझिस्टरवर जाऊ देऊ नका, कपलरवर जाऊ द्या. तो उजेडात धरून पिनांच्या तोंडांकडे नीट पाहा. निरोगी कपलरची भोके सरळ कडांची असतात, पिन चमकदार असते आणि वायरचे आवरण टोकापर्यंत मऊ राहते. तापलेल्या कपलरमध्ये एखाद-दुसऱ्या भोकाभोवतीचे प्लास्टिक आधी पिवळट, मग तपकिरी होते आणि त्याची कड मेणासारखी ओघळते. तिथली पिन निळसर-काळी पडलेली असते, तिच्यामागची वायर बोटाने वाकवली तर कडक लागते आणि जळक्या प्लास्टिकचा वास येतो. बहुतेक वेळा सगळा कपलर शाबूत असतो आणि एकच पिन अशी झालेली असते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याच्या ती नजरेतून सुटते.

ही एक पिन इतकी महत्त्वाची का, ते आकड्यांत पाहा. तिसऱ्या टप्प्यावर समजा १२ अँपिअर वाहत आहेत आणि सैल पडलेल्या पिनेचा रोध ०.१ ओहम झाला आहे. हा रोध साध्या मीटरवर धड दिसतही नाही. पण त्यामुळे त्या बिंदूवर १.२ व्होल्ट खर्च होतात आणि १४ वॅटहून थोडी अधिक उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत, वारा न लागता, तयार होत राहते. तापल्याने पिनेची पकड आणखी सैल होते, सैल झाल्याने ती आणखी तापते, आणि हे चक्र प्लास्टिक वितळेपर्यंत चालते. अशा कपलरवर नवाकोरा रेझिस्टर चढवला, तर जुनी जळकी पिन नव्या पिनेलाही जाळते.

रेझिस्टर बाहेर काढल्यावर मीटर ओहमवर लावून मोजणी करा. मीटरच्या दोन्ही वायरी आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येईल, बहुधा ०.२ ते ०.५ ओहम, तो नंतरच्या प्रत्येक मोजणीतून वजा करा. इथले रोध इतके लहान आहेत की ही वजाबाकी विसरली तर निष्कर्ष चुकतो. सामाईक पिन आणि इतर पिना यांच्यामध्ये चढत्या क्रमाने लहान-लहान रोध मिळाले पाहिजेत, साधारणपणे अर्ध्या ओहमपासून दोन-तीन ओहमपर्यंत. सर्व ठिकाणी वाट तुटलेली दिसली, तर थर्मल फ्यूजच्या दोन टोकांवर थेट मोजा. वेटोळी शाबूत आणि फ्यूज तुटलेला, हे चित्र दिसले तर मी त्याला मोलाची खूण मानतो, कारण त्याचा अर्थ रेझिस्टर झिजून गेलेला नाही, त्याला कोणीतरी प्रमाणाबाहेर तापवले आहे.

तापवणारे कोण, हा या दुरुस्तीतला मुख्य प्रश्न आहे. पहिला संशय मोटरवरच घ्यावा लागतो, आणि इथे तुमच्या मेकॅनिकच्या म्हणण्यातला थोडा अंश खरा निघू शकतो. मोटर चालू आहे एवढ्यावरून ती निरोगी ठरत नाही. बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) सुकलेले असतील, आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जड फिरत असेल किंवा पंख्याच्या जाळीत पाने आणि कागद अडकले असतील, तर पूर्ण वेगावर ती रेटून फिरते, पण पहिल्या टप्प्याच्या अपुऱ्या ताकदीवर सुरूच होत नाही. फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज निर्माण करून प्रवाहाला आवर घालत असते. ती अडली की हा आवर जातो. वरच्याच उदाहरणात मोटरच्या गुंडाळीचा रोध ०.४ ओहम धरा. इंजिन चालू असताना मिळणारे १३.५ व्होल्ट २.४ ओहमांतून ५.६ अँपिअर प्रवाह ढकलतात, आणि रेझिस्टरवरची उष्णता २५ वॅटवरून सुमारे ६३ वॅटवर जाते. त्याच वेळी पंखा थांबलेला असल्याने त्याला थंड करणारा वाराही बंद असतो. फ्यूजपेटीतला ३० किंवा ४० अँपिअरचा फ्यूज ५.६ अँपिअरची दखलही घेत नाही. त्या क्षणी आगीच्या आणि तुमच्या मध्ये उभा असतो तो फक्त रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज.

दुसरा संशय केबिन फिल्टरवर घ्यावा, पण त्याचे कारण पुष्कळदा चुकीचे सांगितले जाते. फिल्टर तुंबला की मोटरवर लोड येतो आणि ती जास्त प्रवाह घेते, असे सर्रास म्हणतात. ब्लोअरमध्ये जो पिंजऱ्यासारखा गोल पंखा असतो, त्याच्या बाबतीत घडते ते याच्या उलट आहे. हवेची वाट बंद झाली की त्याला ढकलायला हवाच उरत नाही, त्याचा भार हलका होतो आणि प्रवाह थोडा कमीच होतो. रेझिस्टरचे नुकसान होते ते वारा कमी मिळाल्यामुळे. फरक बारीक वाटला तरी निदानात तो उपयोगी पडतो: प्रवाह जास्त आढळला तर दोष मोटरकडे किंवा जाळीत अडकलेल्या कचऱ्याकडे आहे, आणि प्रवाह नेहमीपेक्षा कमी असूनही रेझिस्टर जळत असेल तर हवेची वाट तपासायची आहे.

तिसरे कारण पाणी. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला साचून निचऱ्याची भोके बुजली, की पावसाचे पाणी ताज्या हवेच्या मार्गाने ब्लोअरच्या डब्यात उतरते. काढलेल्या रेझिस्टरच्या तारांवर हिरवट थर, स्क्रूंवर गंज किंवा डब्याच्या तळाशी सुकलेल्या चिखलाची रेघ दिसली, तर रेझिस्टर बसवण्याआधी निचरा मोकळा करावा.

एका गाडीचा अनुभव सांगतो. तिच्या मालकांनी दोन वर्षांत तीन रेझिस्टर बदलून घेतले होते आणि चौथ्या वेळी ते माझ्याकडे आले. प्रत्येक वेळी भाग हलका होता, असेच त्यांना सांगण्यात आले होते. मी ब्लोअर खाली उतरवला, तेव्हा जाळी स्वच्छ होती आणि मोटर हाताने फिरवल्यावर मोकळी वाटली. तरीही हाताने झटका देऊन सोडल्यावर ती आपोआप हळूहळू न थांबता दर वेळी एकाच ठिकाणी अडखळत होती. मोटर उघडली तेव्हा कारण दिसले. फिरत्या भागाला वीज पोचवणारा एक कार्बन त्याच्या खाचेत तिरका झिजून अडकला होता, आणि मोटर त्या कोनात थांबली की पहिल्या टप्प्यावर पुन्हा सुरू होत नसे. मालक नॉब १ वर ठेवत, हवा येत नाही म्हणून थोड्या वेळाने २ वर नेत, आणि मग पंखा सुरू होई. मधल्या त्या काही मिनिटांत रेझिस्टर भाजून निघत होता. मोटर बदलल्यावर चौथा रेझिस्टर टिकला. तेव्हापासून मी प्रत्येक ग्राहकाला विचारतो की पहिल्या टप्प्यावर पंखा सुरू व्हायला कधी वेळ लागत होता का, किंवा डॅशबोर्डवर थाप मारल्यावर तो सुरू होत होता का. तुम्हीही आठवून पाहा. उत्तर होकारार्थी असेल, तर मोटर बाहेर काढून पाहणे भाग आहे.

मोटर बाहेर न काढताही तिची परीक्षा करता येते. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मोटरच्या एका वायरभोवती लावा आणि चौथ्या टप्प्यावर प्रवाह पाहा. गाडीच्या आकारमानानुसार १५ ते २५ अँपिअरच्या दरम्यान आणि स्थिर आकडा आला, तर काळजीचे कारण नाही. आकडा फ्यूजच्या क्षमतेजवळ पोचत असेल किंवा वर-खाली हलत असेल, तर मोटर संशयास्पद आहे. साधा मल्टीमीटर प्रवाह मोजण्यासाठी मध्ये जोडू नका. त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअरची असते आणि त्याचा आतला फ्यूज तरी उडतो किंवा वायरी तरी तापतात. याच वेळी कपलर जोडलेल्या अवस्थेत, मागच्या बाजूने मीटरची टोके सरकवून, मोटरचा निगेटिव्ह आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातले व्होल्टेज पाहावे. ते ०.२ व्होल्टच्या आत राहिले, तर अर्थची, म्हणजे बॉडीमार्फत निगेटिव्हला जाणारी, जोडणी चांगली आहे.

या मोजणीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. अनेक गाड्यांत किल्ली फिरवताच मोटरला रिलेतून थेट पॉझिटिव्ह मिळतो, आणि रेझिस्टर व स्विच दोन्ही अर्थच्या बाजूला बसवलेले असतात. अशा गाडीत नॉब बंद असतानाही मोटरच्या कपलरवर टेस्ट लॅम्प पेटतो, आणि वर सांगितलेली अर्थची मोजणी फक्त चौथ्या टप्प्यावरच अर्थपूर्ण ठरते. याच रचनेमुळे अर्थच्या बाजूची एखादी वायर घासून बॉडीला टेकली, तर पंखा सर्व टप्प्यांवर, अगदी नॉब बंद असतानाही, पूर्ण वेगाने चालत राहतो. म्हणून आपल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा आधी मिळवावा.

बदलण्याचे काम यानंतर फारसे उरत नाही. गाडीच्या मॉडेलला आणि उत्पादनाच्या वर्षाला जुळणारा रेझिस्टर घ्यावा. पिनांची संख्या सारखी दिसली म्हणून दुसऱ्या मॉडेलचा बसवू नये, कारण रोध वेगळे असतात. कपलर तापलेला असेल तर वायरींसह मिळणारा नवा कपलर त्याच जाडीच्या वायरीने जोडावा. सांधे योग्य मापाच्या बॅरलने (वायरींवर दाबायच्या धातूच्या नळीने) दाबून, त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी, आणि सर्व सांधे एकाच जागी न ठेवता पुढे-मागे घ्यावेत. नुसती वायर पिळून तिच्यावर टेप गुंडाळणे या ठिकाणी चालत नाही. टेपचा गोंद उष्णतेने वितळतो आणि सांधा उघडा पडतो.

थर्मल फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून पंखा चालू करून देणारे लोक आहेत. असे कधीही करू देऊ नका. अडलेल्या मोटरचे ६३ वॅटचे उदाहरण वर दिले आहे. त्या तारेनंतर ती उष्णता थांबवणारे काहीच उरत नाही, आणि रेझिस्टर ज्या डब्यात बसतो तो प्लास्टिकचा आहे. नवा थर्मल फ्यूज आणून डाग देण्याचा प्रयत्नही मी सुचवत नाही. साधे कथिल-शिशाचे सोल्डर सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते, त्यामुळे डाग देताना पोचणाऱ्या उष्णतेनेच फ्यूज जागच्या जागी तुटण्याची शक्यता असते, आणि तो वाचला तरी रेझिस्टर तापल्यावर तो सांधा भरवशाचा राहत नाही. वारंवार फ्यूज उडतो म्हणून फ्यूजपेटीत जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे हाही तसाच घातक उपाय आहे, कारण मग वायरच फ्यूजचे काम करते.

हे सर्व हाताने फिरवायच्या नॉबच्या गाड्यांबद्दल झाले. ज्या गाड्यांत तापमान आकड्यात ठरवले की पंखा स्वतः वेग निवडतो, त्यांत वेटोळ्यांचा रेझिस्टर नसतो. त्याजागी उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवलेले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते, आणि त्यातला ट्रान्झिस्टर नियंत्रकाच्या सूचनेनुसार मोटरला वीज देतो. तो ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पंखा पूर्ण वेगावर अडकतो, आणि काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही चालू राहून बॅटरी उतरवतो. तपासणीचे सूत्र सोपे आहे: मॉड्यूलला पॉझिटिव्ह आणि अर्थ व्यवस्थित मिळत आहेत, सूचनेच्या वायरवरचे व्होल्टेज वेग बदलताना बदलते आहे, आणि तरीही पंखा तसाच फिरतो, तर मॉड्यूल गेले, सूचनाच बदलत नसेल तर नियंत्रण पॅनेल किंवा मधली वायर पाहावी. मात्र काचेवरचे धुके घालवण्याचे बटण दाबलेले असताना पंखा मुद्दाम जोरात चालवला जातो, हे आधी तपासून घ्यावे. मॉड्यूलच्या मृत्यूलाही जड मोटर हेच नेहमीचे कारण असते, म्हणून क्लॅम्प मीटरची मोजणी इथेही चुकवू नये.

काही वाचक ‘एसीचा पंखा’ म्हणताना बॉनेटखालचा, रेडिएटर आणि कंडेन्सरसमोरचा पंखा मनात धरतात. त्याचा मंद वेग बंद पडून फक्त जोराचा वेग उरला, तर तिथेही बहुधा चौकटीवर बसवलेला रेझिस्टरच गेलेला असतो. पण तो गाडी सुरू करताच कायम पूर्ण वेगाने चालत असेल, तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर आणि एसीच्या दाबाचा सेन्सर आधी पाहावा. सेन्सरकडून माहिती आली नाही, की इंजिनचे रक्षण करण्यासाठी पुष्कळ गाड्यांचा संगणक पंखा पूर्ण वेगाने चालवतो. तो पंखा किल्ली बंद असतानाही सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरी सोडवल्याशिवाय तिथे हात घालू नये.

तुमच्या गाडीकडे परत येतो. रेझिस्टर आणि गरज असल्यास कपलर बसवून झाल्यावर, ग्लोव्ह बॉक्स लावण्याआधी बॅटरी जोडा, आणि पिवळे कपलर शाबूत आहेत याची खात्री करून किल्ली फिरवा. पहिल्या टप्प्यावर पंखा लगेच, कोणतीही मदत न करता फिरू लागतो का, हे पाच-सहा वेळा बंद-चालू करून पाहा. मग तिसऱ्या टप्प्यावर तो वीस मिनिटे सलग चालू ठेवा, किल्ली बंद करा आणि कपलर बोटांत धरा. तो कोमट लागला, तर ग्लोव्ह बॉक्स बसवायला हरकत नाही. धरवत नसेल इतका गरम लागला, तर एखादी पिन अजूनही सैल आहे, आणि ती सापडेपर्यंत पंखा फक्त चौथ्या टप्प्यावरच वापरा.